लॅटिनुमची परीक्षा आणि लॅटिन क्रियापदांची चार रूपं

जर्मनीत इतिहास, तौलनिक भाषाशास्त्र किंवा तत्त्वज्ञान शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींकडून मला मधूनमधून एकच प्रश्न येतो. प्रवेश मिळाला, पण पत्रात खाली 'लॅटिनुम' सादर करण्याची अट आहे, आता काय करायचं? या वर्षी माझं ते प्रमाणपत्र हातात आलं, म्हणून सगळं सलग लिहून काढते आहे. लॅटिनुम म्हणजे लॅटिन येत असल्याचं सरकारी प्रमाणपत्र. जर्मन मुलं ते बहुधा शाळेतच मिळवतात. शाळेत लॅटिन नव्हतं अशांसाठी राज्याचं शिक्षण खातं वेगळी परीक्षा घेतं: एक लेखी, एक तोंडी. लेखीला साधारण 180 शब्दांचा लॅटिन उतारा आणि 180 मिनिटं, उताऱ्याची काठिण्यपातळी किकेरो (सिसेरो), सल्लुस्त, लिवी या रोमन लेखकांच्या गद्याची. शब्दकोश वापरता येतो. तोंडी परीक्षा वीस मिनिटांची.

माझं प्रवेशपत्र ऑगस्ट 2022 मध्ये आलं. त्यात दोन वर्षांची मुदत होती. विद्यापीठाचा लॅटिनचा पहिला वर्ग ऑक्टोबरमध्ये सुरू होत होता, आठवड्यातून तीन सकाळ. नावनोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांना वर्ग मोफत. सुट्टीतले जलद वर्ग मात्र पैसे भरून करावे लागतात, मला त्यातला एक अडीचशे युरोला पडला. शब्दकोश चाळीसच्या आसपास. नवाच घ्या, कारण परीक्षेत पेन्सिलीची खूण असलेला शब्दकोश चालत नाही. घरच्या अभ्यासाला जुना, परीक्षेला कोरा, अशी दोन प्रतींची सोय आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी केली होती.

पहिल्या दोन महिन्यांत नामांनी त्रास दिला नाही. ज्यानं 'रामः रामौ रामाः' घोकलं आहे त्याला पाच-सहा विभक्त्यांचं काय? धडकी भरते ती क्रियापदांची. प्रत्येक लॅटिन क्रियापदाची चार मूळ रूपं पाठ करावी लागतात, जर्मनमध्ये त्यांना श्टामफॉर्मेन म्हणतात. मी करतो, करणे, मी केलं, केलेलं अशी ती चार. 'फाकिओ, फाकेरे, फेकी, फाक्तुम.' 'रुम्पो, रुम्पेरे, रूपी, रुप्तुम.' 'फेरो, फेर्रे, तुली, लातुम.' डिसेंबरमध्ये अशा शेकडो क्रियापदांची यादी हातात पडली आणि नाताळच्या सुट्टीत पाठ करून यायला सांगितलं. वसतिगृह रिकामं, बाहेर चारला अंधार, आणि पुढ्यात ही यादी. तेव्हा खरोखर वाटलं, की हे आपल्याच्यानं होणार नाही.

त्या सुट्टीत मी यादीत नाक असलेली क्रियापदं वेगळी काढली. नाक म्हणजे मधला न किंवा म. रुम्पो (मोडणे) पण रूपी, रुप्तुम. विंको (जिंकणे) पण वीकी, विक्तुम. रेलिंक्वो (सोडून जाणे) पण रेलीक्वी, रेलिक्तुम. फिंदो (फोडणे) पण फिदी. स्किंदो (फाडणे) पण स्किदी. वर्तमानकाळात अनुनासिक येतं, भूतकाळात जातं. हे कुठेतरी पाहिलेलं आहे, असं वाटत राहिलं. दहावीला माझं संपूर्ण संस्कृत होतं. सोलापूरला घरी फोन करून भावाकडून धातुरूपावलीचे फोटो मागवले, आणि सातवा गण काढला. रुधादिगण. भिद्, पण भिनत्ति. छिद्, पण छिनत्ति. रिच्, पण रिणक्ति. धातूच्या पोटात 'न' घुसतो, आणि लिट् लकारात, म्हणजे संस्कृतातल्या एका भूतकाळात, बिभेद, चिच्छेद, रिरेच असा निघून जातो. फिंदो म्हणजे भिद्. मूळ 'भ'चा लॅटिनमध्ये शब्दारंभी 'फ' होतो. स्किंदो म्हणजे छिद्. रेलिंक्वोतला लिंक्वो म्हणजे रिच्, ज्याच्यापासून आपलं 'रिक्त' आलं. पाणिनीनं ज्याला श्नम् म्हटलं तोच हा प्रत्यय, दोन्ही भाषांनी आपल्या एकाच पूर्वज भाषेकडून घेतलेला.

युंगो (जोडणे) मात्र भूतकाळातही आपलं नाक सोडत नाही: युंक्सी, युंक्तुम. संस्कृतात युनक्ति आणि युक्त. तिथे लॅटिननं वर्तमानातलं अनुनासिक पुढच्या रूपांतही पसरवलं. असे अपवाद वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, ते थोडे आहेत.

जानेवारीत भाषाशास्त्राच्या परिसंवादात मी हे विचारलं तेव्हा कळलं, की तौलनिक भाषाशास्त्राची सुरुवातच इथून झाली. फ्रान्त्स बॉप या जर्मन भाषाशास्त्रज्ञानं 1816 मध्ये फ्रँकफर्टला छापलेलं पुस्तक संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांच्या क्रियापदांच्या रूपांवरच होतं. शब्द उसने घेता येतात, पण क्रियापद चालवायची पद्धत सहसा कोणी उसनी घेत नाही. म्हणून नातं सिद्ध करायला त्यानं क्रियापदं निवडली. त्याच्याही दोनशेहून जास्त वर्षं आधी, 1583 मध्ये, फादर थॉमस स्टीफन्सनं गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं, की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळणारी आहे. ख्रिस्तपुराण लिहिणारे तेच हे स्टीफन्स. लॅटिन पक्कं असलेला माणूस मराठी-कोंकणी शिकताना हे पाहत होता. मी त्याच रस्त्यानं उलट चालले होते.

त्यानंतर यादीचा अभ्यास बदलला. लॅटिनचा पूर्ण भूतकाळ हा आपल्या लिट् आणि लुङ् या दोन भूतकाळी लकारांचं एकत्र झालेलं रूप आहे, हे एकदा कळलं की 'केलं'ची रूपं इतकी निरनिराळी का, ते उलगडतं. द्वित्व होणारी रूपं लिट्‌च्या घराण्यातली: देदी (दिलं) आणि संस्कृत ददे. स लागणारी रूपं लुङ्‌च्या घराण्यातली: दीक्सी (म्हटलं) आणि दिश् धातूचं अदिक्षत्, वेक्सी (वाहून नेलं) आणि वह् धातूचं अवाक्षीत्. वेहोचा ऱ्हस्व स्वर वेक्सीत दीर्घ होतो, तशीच वह्‌ची अवाक्षीत्‌मध्ये वृद्धी होते. 'आमावी', 'मोनुई' अशी व किंवा उ लागणारी रूपं मात्र लॅटिननं स्वतःची घडवलेली, त्यांना आपल्याकडे जोड शोधू नका.

आणखी थोडी सांगते, कारण परीक्षेत हीच पुन्हा पुन्हा येतात. बिबित म्हणजे पिबति. सिस्तित म्हणजे तिष्ठति. वीवित म्हणजे जीवति. क्रेदो, 'मी विश्वास ठेवतो', हे श्रद् आणि धा जोडून झालं, म्हणजे आपल्या 'श्रद्धा'चंच भावंड. सुम-एस्से-फुई (असणे) यात अस् आणि भू असे दोन धातू आहेत. पाणिनीचं 'अस्तेर्भूः' हे सूत्र तेच सांगतं, की काही ठिकाणी अस्‌च्या जागी भू येतो. फेरो म्हणजे भृ, पण तुली आणि लातुम दुसऱ्याच धातूची, तुला आणि तोलणे यांच्या कुळातली. लातुम आधी 'त्लातुम' होतं, त्यातला त गळला. आणि ज्यांना लॅटिन व्याकरणात डेपोनेंट म्हणतात, रूप कर्मणी आणि अर्थ कर्तरी, ती जर्मन मुलांना फार छळतात. आपल्याला ती आत्मनेपदी म्हणून समजतात: सेक्वितुर आणि सचते, मोरितुर आणि म्रियते. नास्कितुर (जन्मतो) आणि जायते हेही एकाच धातूतून. सगळ्या क्रियापदांचं मूळ असं सापडत नाही. लॅटिन शिकणारा पहिल्या दिवशी शिकतो त्या 'आमो'च्या (प्रेम करणे) व्युत्पत्तीवर अजून विद्वानांचं एकमत नाही.

उच्चाराचा भाग वेगळा, आणि माझ्या मते त्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. लेखी परीक्षा, मग उच्चार कशाला? मी एप्रिल 2023 मध्ये दुसऱ्या वर्गाला गेले तेव्हा एकाच खोलीत तीन लॅटिन ऐकू येत होती. शिक्षक जर्मन शाळांच्या पद्धतीनं वाचायचे: फेत्सी, त्सित्सेरो. तो त्स म्हणजे आपल्या चमच्यातला दंत्य च. वर्गात गोव्याचे एक फादर होते, ते चर्चच्या पद्धतीनं: फेची, चिचेरो, म्हणजे चिंचेतला तालव्य च. आणि भाषाशास्त्राचे प्राध्यापक प्राचीन उच्चारानं: फेकी, किकेरो. फादर एकदा मला म्हणाले, "तुम्हां मराठी लोकांकडे दोन्ही च आहेत, जर्मनांना ते वेगळे समजावून सांगावे लागतात."

प्राचीन उच्चारात सी हे अक्षर नेहमी 'क' होतं याचे पुरावे जर्मनीत रोज ऐकू येतात. सम्राटाला कायझर म्हणतात तो 'काएसार'. तळघराला केलर म्हणतात ते लॅटिन केल्लारियुमवरून. क बदलण्याआधीच हे शब्द जर्मनांनी उचलले. ग्रीकांनीही किकेरो या वक्त्याचं नाव किकेरोन असंच लिहिलं. मी प्राचीन उच्चार निवडला, कारण त्यात धातूचं व्यंजन बदलत नाही: फाकिओ, फेकी, फाक्तुम, तिन्हीकडे क. चर्चच्या उच्चारात ते फाचिओ, फेची, फाक्तुम होतं आणि पाठांतराला एक अडथळा वाढतो. गायन किंवा प्रार्थना हा तुमचा विषय असेल तर अर्थात चर्चचाच घ्या. कोणताही घ्या, पण एकच धरून चाला.

मराठी तोंडाला हा उच्चार सोपा जातो. लॅटिनचे प, त, क अल्पप्राण आहेत, आपल्यासारखे. जर्मन आणि इंग्रज ते नकळत महाप्राण करतात. मित्तो, कुर्रो यांतली जोडाक्षरं आपण पूर्ण म्हणतो. व 'स्वर'मधल्या व सारखा, ओठ गोल करून. फक्त ऱ्हस्व आ आपल्या अ सारखा करू नका. तो आच आहे, कमी वेळ म्हटलेला.

खरी अडचण आहे ए आणि ओ या स्वरांची. लॅटिनमध्ये हे दोन्ही स्वर ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, आणि कित्येक क्रियापदांचा काळ निव्वळ त्यावर ठरतो. वॆनित म्हणजे येतो, वेनित म्हणजे आला. लॆगित म्हणजे वाचतो, लेगित म्हणजे वाचलं. ऎमित म्हणजे विकत घेतो, एमित म्हणजे घेतलं. फॊदित म्हणजे खणतो, फोदित म्हणजे खणलं. संस्कृतात ए-ओ नेहमी दीर्घ, मराठीत असा फरकच नाही, त्यामुळे कान तयार नसतो. ऱ्हस्वासाठी मी वर जी मात्रा वापरली ती देवनागरीत दाक्षिणात्य भाषा लिहिण्यासाठी आहे.

माझी सुटका सोलापूरनं केली. आईचं माहेर कानडी. मी रोज दहा क्रियापदं मोठ्यानं वाचून तिला आवाजी निरोप पाठवू लागले. तिला लॅटिनचा गंध नाही, पण ती लगेच उलट फोन करायची: "अगं, हे 'कॊडु' म्हणतेस का 'कोडु'? एकदा तरी नीट ओढ की." कॊडु म्हणजे दे, कोडु म्हणजे शिंग. तिला तो फरक लहानपणापासून ऐकू येतो. ज्यांच्या घरी किंवा गल्लीत कानडी, तेलुगू बोललं जातं त्यांनी या कानाचा उपयोग जरूर करून घ्यावा. नसेल तर टाळी वाजवून म्हणा, ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन.

दीर्घत्वावरून आघातही ठरतो. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर, नसेल तर एक अक्षर मागे. म्हणून दोकेरे (शिकवणे) यात जोर 'के'वर आणि दूकेरे (नेणे) यात 'दू'वर. क्रियापद दुसऱ्या गणातलं की तिसऱ्या, हे नुसत्या ठेक्यावरून कळतं. रोमनांमध्येही यावर वाद होतेच. दुसऱ्या शतकातल्या आउलुस गेल्लिउसनं लिहून ठेवलं आहे, की चांगले शिकलेले लोकही 'आक्तितो' (वारंवार करणे) याचा पहिला स्वर ऱ्हस्व म्हणतात. मूळ आगोत (करणे) तो ऱ्हस्व आहे, आक्तुममध्ये दीर्घ, त्यामुळे त्यांचा घोळ होत असणार.

आता अर्जाचं. मुदती आणि शुल्क राज्यागणिक वेगवेगळे आहेत, तेव्हा आपल्या राज्याच्या खात्याची सूचना सहा महिने आधी वाचा. मी जानेवारी 2024 मध्ये कागद जमवायला घेतले. अर्ज, जन्मापासून शिक्षणाचा वृत्तान्त, ओळखपत्र, कोणते लेखक किती वाचले याचा तपशील, आधी कुठे ही परीक्षा दिलेली नाही असं निवेदन आणि विद्यापीठ प्रवेशाची पात्रता. हे शेवटचं आपल्याला जड जातं. नुसती बारावी पुरली नाही, बीएच्या गुणपत्रिकाही लागल्या, सगळ्यांची शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतरं. दीडशे युरोच्या आसपास खर्च आला. शिवाय आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पारपत्रावर क्रम वेगळा. खात्याकडून पत्र आलं, की या दोन व्यक्ती एकच असल्याचा पुरावा द्या. अनुवादकानं नावांच्या रचनेबद्दल एक सही-शिक्क्याची टीप जोडून दिली आणि ते मान्य झालं. ही टीप पहिल्याच वेळी मागून घ्या, माझे त्यात पाच आठवडे गेले. परीक्षेला बोलावल्याचं पत्र येईपर्यंत रोज टपालपेटी उघडून बघत होते.

लेखी सप्टेंबरमध्ये झाली. उतारा किकेरोनं इसवी सन पूर्व 70 मध्ये सिसिलीचा माजी रोमन सुभेदार वेरेस याच्याविरुद्ध तयार केलेल्या भाषणांतला, सिसिलीतल्या लुटीबद्दलचा. छापील उताऱ्यात दीर्घाच्या खुणा नसतात, हे लक्षात ठेवा. वेनित दिसलं की ते 'येतो' की 'आला' हे आजूबाजूच्या क्रियापदांवरून ठरवायचं. दुसऱ्या ओळीत 'रेलिक्वित' होतं. नाक नाही, म्हणजे भूतकाळ: सोडून गेला. मग तिथला वेनितही 'आला'. त्यापुढे 'सुस्तुलित' होतं. हे शब्दकोशात सुस्तु- खाली शोधत बसलात तर वेळ जातो. ते तोल्लो (उचलणे) या क्रियापदाचं भूतकाळी रूप, त्यात तोच तुल् धातू. वेरेसनं मूर्ती 'उचलल्या', म्हणजे पळवल्या. मराठीतही आपण चोरीला उचललं म्हणतोच. आम्हाला सांगितलेला ढोबळ हिशोब असा, की शंभर शब्दांमागे दहापेक्षा जास्त पूर्ण चुका झाल्या तर उत्तीर्ण होणं कठीण. म्हणून पहिला अर्धा तास मी फक्त क्रियापदांखाली रेघा मारल्या आणि प्रत्येकाचा काळ समासात लिहिला. भाषांतर नंतर.

निकालाला सहा आठवडे लागले. ते वाईट गेले, झोप लागायची नाही, आणि तोंडीची तयारी करायची तरी कशाच्या भरवशावर, असं व्हायचं. तरीही तयारी थांबवू नका, कारण निकाल आणि तोंडी यांत अंतर फार थोडं असतं.

तोंडीला अर्धा तास आधी छोटा उतारा देतात. आत गेल्यावर तो प्रथम मोठ्यानं वाचायचा. मी विचारलं, प्राचीन उच्चार चालेल का? परीक्षक म्हणाल्या, चालेल, फक्त शेवटपर्यंत तोच ठेवा. मी सावकाश, दीर्घ ओढत वाचलं. भाषांतरानंतर क्रियापदांवर प्रश्न आले. सेक्वुंतुरचं रूप ओळखा, रुप्तुसची चार मूळ रूपं सांगा. एका परीक्षकांनी विचारलं, वाचताना तुम्ही काळ आवाजातच दाखवत होतात, हे कुठे शिकलात? मी आईचं सांगितलं. त्यांनी कॊडु आणि कोडु पुन्हा म्हणायला लावलं आणि स्वतःही म्हणून पाहिलं.

उत्तीर्ण झाल्याचं तिथेच पंधरा मिनिटांत सांगितलं. प्रमाणपत्र टपालानं आणखी महिन्यानं आलं, तोवर विभागाची मुदत उलटत होती. त्यासाठी तोंडी झाल्याबरोबर परीक्षकांकडून उत्तीर्ण झाल्याचा तात्पुरता दाखला मागून घ्या, विभागाला तो चालला. मूळ प्रमाणपत्र एकच मिळतं. नगर कार्यालयातून त्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती काढून घ्या आणि मूळ प्रत कुणालाही टपालानं पाठवू नका.